गोधडीतला कागद

गेल्या महिन्यात माझ्या मुलीचं लग्न ठरलं आणि बैठकीतून पाहुणे उठतात न उठतात तोच आमच्या एका नातेवाईक बाईंनी मला सुचवलं की, अक्काच्या हातची एखादी गोधडी रुखवतात ठेवा, शोभून दिसेल. मी त्यांच्यावर असा ओरडलो की घरातले सगळे माझ्याकडे बघत राहिले. बायकोनं पाण्याचा पेला हातात दिला. त्या बाईंचा काही दोष नव्हता. त्यांना काय माहीत? पण ‘अक्का’, ‘गोधडी’ आणि ‘रुखवत’ हे तीन शब्द एका वाक्यात आले की माझं डोकं अजून फिरतं. तीस वर्षं होत आली. राग नानांवर, म्हणजे माझ्या वडिलांवर आहे, आमच्या सगळ्या गोतावळ्यावर आहे आणि सर्वांत जास्त ज्याच्यावर आहे तो रोज सकाळी आरशात दाढी करताना दिसतो.

अक्का माझी मोठी बहीण. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी नवऱ्यानं तिला पहूरला आमच्या घरी आणून सोडलं. कारण त्याला दुसरी करायची होती. भांडण नाही, बैठक नाही. एस.टी.तून आणली, ओट्यावर पिशवी ठेवली, चहा प्यायला आणि गेला. नानांनी त्याला चहा पाजला हे मला आजही पचत नाही.

मला तेव्हा दीपनगरला वीज केंद्रात नुकतीच नोकरी लागली होती. वसाहतीत क्वार्टर मिळालं. माझ्या जेवणाची सोय म्हणून अक्काला माझ्याकडे पाठवलं गेलं. सोय माझी होती, तशीच नानांचीही होती. गावात लोक विचारत, मोठी मुलगी इथंच का? आता सांगता येत होतं, भावाकडे असते. अक्कानं येताना शिलाई मशीन आणलं. वसाहतीतल्या बायकांचे ब्लाउज, परकर, पडदे शिवायला लागली.

आमच्या वरच्या मजल्यावर एका इंजिनिअर साहेबांच्या पत्नी राहायच्या. अक्का त्यांना बाई म्हणायची. त्यांच्या भावानं परदेशातून एक मासिक आणलं होतं. त्यात एका जुन्या गोधडीचा रंगीत फोटो होता. आपल्याकडे जुनी लुगडी एकावर एक घालून धावदोरा घालतात, तशी ती नव्हती. बारीक फुलांच्या जुन्या वाटणाऱ्या कापडांचे टोकदार तुकडे जोडून आठ पाकळ्यांच्या चांदण्या केल्या होत्या आणि एकही टोक बोथट नव्हतं. अक्कानं तो फोटो खिडकीपाशी नेऊन पुन्हा पुन्हा पाहिला. हे कात्रीनं नुसतं कापून होणार नाही, कापड ताणलं जाणार, असं ती म्हणाली. बाई इंग्रजी वाचून सांगायच्या आणि अक्का करून बघायची. पहिल्या चांदणीवर दोघी भांडल्याही, कारण नक्षी उलटी आली. ज्या बाजूला लाल हवं तिथं निळं. नंतर त्यांच्या लक्षात आलं की ती उलटीच येते. काम कागदाच्या बाजूनं करायचं असतं, कापडाचं तोंड खाली असतं.

ती पद्धत अशी. कागदावर नक्षी आखायची आणि कुठला तुकडा आधी, कुठला नंतर, असे आकडे टाकायचे. कापड कागदाच्या खाली धरायचं आणि वरून कागदावरच्या रेघेवर मशीन चालवायचं. तुकडा उलटून नखानं घडी दाबायची, जास्तीचं कापड कातरायचं, मग पुढचा आकडा. टाका अगदी बारीक ठेवायचा, म्हणजे कागदाला भोकं पडत जातात आणि तो नंतर शिवणीवर सहज फाटतो. तिरपं कापलेलं कापड हातात धरलं तरी ओढलं जातं. कागद शिवलेला असेपर्यंत ते हलत नाही. म्हणून सगळ्या चांदण्या एकमेकींना जोडून होईपर्यंत कागद काढायचा नाही. तो शेवटी काढायचा, आणि मगच कापूस आणि अस्तर.

कागद मी पुरवला. केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये तापमानाच्या नोंदी करणारी यंत्रं होती. त्यांत पातळ कागदाची गुंडाळी फिरायची आणि पेनं त्यावर लाल-निळ्या शाईच्या रेघा काढत राहायची. जुन्या गुंडाळ्या रद्दीत जायच्या. कागद पातळ आणि त्यावर बारीक चौकटी छापलेल्या. विचारून दोन-चार गुंडाळ्या घरी आणल्या, तर अक्काला इतका आनंद झाला की तिनं त्या रात्री शेवभाजी केली. पट्टी न लावता सरळ रेघ मारता येत होती. शाईच्या रेघांचा उपद्रव नव्हता, कागद तर निघूनच जाणार होता.

कापड घरातलंच. आईची विटलेली लुगडी, माझे शाळेचे शर्ट, धाकट्या बहिणीचे फ्रॉक. आणि प्रत्येक चांदणीच्या मधोमध एक पिवळा तुकडा. पहिल्यांदा ते पिवळं कापड बघितलं तेव्हा ते कशाचं, हे माझ्या लक्षात आलं नाही. ती अक्काच्या हळदीची साडी होती. तिनं ती पेटीतून काढली, कातरली आणि कुणाला एक शब्द सांगितला नाही.

ही गोधडी हौस म्हणून चालली नव्हती. वसाहतीच्या महिला मंडळाला पावसाळ्यात शिवणवर्ग सुरू करायचा होता. शिकवणारीला मंडळाच्या सभागृहामागची खोली राहायला मिळणार होती आणि दरमहा मानधन. बाई मंडळात होत्या. त्यांनी सांगितलं होतं, समितीला पूर्ण झालेली एक वस्तू दाखव, असं काम इथं कुणी पाहिलेलं नाही, बाकी मी बघते. अक्का तेव्हापासून बदलली. ती खोली बाहेरून बघून आली होती. खिडकी पूर्वेला आहे, मशीन तिथं ठेवीन, असं एकदा भाकरी थापता थापता म्हणाली. तिला माझ्या घरातून, आणि मुळात आम्हा सगळ्यांच्या सोयीतून, बाहेर पडायचं होतं.

त्याच उन्हाळ्यात धाकटीचं लग्न ठरलं. मुलगा धुळ्याचा. बोलणी करायला नाना धुळ्याला गेले, तेव्हा मुलाच्या आईनं विचारलं, मुलीला शिवणकाम येतं का? नाना हो म्हणून थांबले असते तरी चाललं असतं. पण ते म्हणाले, आमची मुलगी अशी गोधडी शिवते की तुम्ही धुळ्यात बघितली नसेल. महिन्यापूर्वी ते दीपनगरला येऊन अक्काचं काम बघून गेले होते. तेच डोळ्यांसमोर आलं आणि तोंडातून निघून गेलं. मुलाची आई म्हणाली, मग रुखवतात बघूच.

अक्का लग्नाच्या तयारीला आठवडाभर आधी पहूरला गेली. चांदण्या जोडून झाल्या होत्या, कागद काढायचा बाकी होता. तिनं सगळं घडी करून कपाटात ठेवलं आणि किल्ली माझ्याजवळ दिली. लग्न झालं की आल्याबरोबर कागद काढायला बसते, तोवर कपाट उघडू नको, एवढं बोलली.

दोन दिवसांनी नाना आले. बसले, पाणी प्यायले आणि गोधडी मागितली.

मी म्हणालो, “अक्काला विचारतो.”

“तिला काय विचारायचं? घरचीच वस्तू आहे.”

“तिला ती मंडळात दाखवायची आहे.”

“पुन्हा शिवेल. ती कुठं जाणार आहे?”

आजवर ऐकलेल्या घाणेरड्यातल्या घाणेरड्या शिवीपेक्षा हे वाक्य मला जास्त झोंबतं. कारण ती जाणार होती. चार इमारती पलीकडे, पण स्वतःच्या पायांनी. आणि हे ठाऊक असलेला घरातला एकमेव माणूस मी होतो. मी नानांना ते सांगितलं नाही. मी किल्ली काढली आणि कपाट उघडलं. मला कुणी धमकी दिली नव्हती. नानांचा आवाजही चढला नव्हता. त्यांचा चेहरा पडेल, धाकटीचं लग्न मोडेल, असं काहीबाही मनात आलं, पण खरं सांगायचं तर मला वाद नको होता. अक्काशी वाद परवडत होता, म्हणून मी अक्काला सोडलं.

नानांनी कापूस भरून, अस्तर लावून आणायचं कामही माझ्यावर टाकलं. भुसावळला एका पिंजाऱ्याकडे गेलो. त्यानं कापड उलटं केलं, बोटानं चाचपलं.

“भाऊ, आत बठ्ठा कागद शे. काढाना नही का?”

काढायला निदान दोन दिवस बसावं लागलं असतं. प्रत्येक चांदणीच्या प्रत्येक पाकळीमागून, शिवण न उसवता. मला परवा पहूरला पोचायचं होतं. मी म्हटलं, राहू द्या, ताठ बसेल. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि कापूस पसरायला घेतला. कागद का काढायचा असतो ते मला माहीत होतं. मीच तो कागद आणला होता.

लग्नघरात मला आणखी एक काम मिळालं. माझं अक्षर चांगलं. रुखवतातल्या प्रत्येक वस्तूपुढे पुठ्ठ्याची पाटी लावायची होती. मी लिहिलं: ‘गोधडी. वधूचे हस्तकौशल्य.’ वळणदार अक्षरात, खाली नक्षी काढून.

त्या वेळी अक्का मागच्या दारी मोठ्या परातीत हळद कालवत होती. आमच्याकडे टाकलेल्या बाईनं नवरीला हळद लावायची नाही. सवाष्णींनी लावायची. अक्काचा नवरा जिवंत, गळ्यात मंगळसूत्र, तरी ती सवाष्ण नव्हे. हे कोणी ठरवलं? सगळ्यांनीच. हळद कालवायला ती चालत होती, मांडवात ताट घेऊन यायला चालत नव्हती. दोनशे माणसांच्या पुऱ्या तळायला चालत होती. नवरीच्या खांद्याला तिचा हात लागलेला चालत नव्हता, पण तिच्या हातची गोधडी नवरीच्या नावावर चालत होती, आणि त्या गोधडीत मधोमध तिच्याच हळदीची साडी होती. आईनं ती साडी ओळखली. मी बघत होतो. गोधडी मांडताना आईचं बोट एका पिवळ्या तुकड्यावर थांबलं, तिनं पदर तोंडाला लावला आणि घडीची चुणी सारखी केली.  आमचं घर न बोलण्यात फार हुशार होतं.

मुलाकडच्या बायका रुखवत बघायला आल्या. गोधडीपाशी गर्दी झाली. धाकटी मान खाली घालून बसली होती. कौतुक चाललं होतं. मुलाची आई अंगानं आडवी, बोलायला फटकळ. तिनं गोधडीवर तळवा ठेवून दाबलं. कुर्र असा आवाज आला. तिनं पुन्हा दाबलं.

“यामा पापड भरेल शेतस का व?”

बायका हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. आमच्याकडच्या बायकाही हसल्या. कुणीतरी म्हणालं, नवरदेवाला रात्री भूक लागली तर सोय. तेवढ्यात पुऱ्यांचं पातेलं घेऊन अक्का दारात आली होती. तिनं गोधडी बघितली, पाटी बघितली. तिला ते अक्षर ओळखायला वेळ लागला नसणार. ती आत वळली.

पंगत उठल्यावर तिनं मला हौदापाशी गाठलं. मला वाटलं, रडेल किंवा मारेल. तिनं विचारलं, “कागद काढला होता?”

“नाही.”

“धुऊ नको म्हणावं तिला. शाई उतरेल.”

एवढंच. तिचं सगळं नेलं होतं आणि तिला चिंता कापडाची. मी मान हलवली. पाठवणीच्या वेळी धाकटीला हळूच सांगायचं ठरवलं. पण सांगायचं म्हणजे कागद का राहिला, कुणी ठेवला, सगळंच आलं असतं. गाडी सुटली आणि मी नुसता हात हलवत उभा राहिलो.

जूनमध्ये मंडळाची समिती बसली. अक्कानं उरलेल्या कापडातून घाईनं दोन चांदण्या करून नेल्या. समितीतल्या एकीनं विचारलं, पूर्ण गोधडी कुठं आहे? अक्का म्हणाली, नाही. बाई तिच्या बाजूनं भांडल्या, असं मला नंतर कळलं. वर्ग दुसऱ्या एका बाईंना मिळाला, त्यांनी क्रोशाचे रुमाल मांडले होते. त्या संध्याकाळी अक्कानं नेहमीसारखं वरण-भात वाढला. मी ‘पुढच्या वर्षी’ असं काहीतरी पुटपुटलो. तिनं ताटात भात टाकताना हात इतका जोरात आपटला की पळी वाकली. ती वाकडी पळी आमच्याकडे बरीच वर्षं होती. मी ती मुद्दाम टाकू दिली नाही.

दिवाळीला धाकटी माहेरी आली ती रडतच. पाहुण्यांच्या लेकरानं गोधडी ओली केली म्हणून सासूनं ती धुतली. आतल्या कागदाचा लगदा झाला, जागोजागी गोळे आले, आणि लाल-निळी शाई चांदण्यांवर उतरली. सासू म्हणाली, तूच शिवलीस ना, मग नीट कर. शिवाय नणंदेसाठी तसलीच दुसरी हवी होती. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि तोडगा काढला: अक्कानं भेटीच्या निमित्तानं धुळ्याला जावं, गुपचूप दुरुस्त करून द्यावी, नणंदेचीही शिवून द्यावी, कुणाला कळायचं कारण नाही.  अक्का म्हणाली, जाते. इतक्या सहज म्हणाली की मला भीती वाटली. मला म्हणाली, तू पण चल.

धुळ्याला देवपुरात त्यांचं घर होतं. चहा झाला. सासूबाईंनी आतून गोधडी आणून आमच्यापुढे टाकली.

“हाई देख. पापड भिजी ग्यात.”

मला हसू आलं नाही. अक्कानं गोधडीवरून हात फिरवला. गोळे बोटाखाली लागत होते. सासूबाईंनी कात्री आणून धाकटीच्या हातात दिली आणि सांगितलं, बस, उसव, मला बघू दे तू कशी शिवतेस. धाकटी खाली बसली. तिनं एक कोपरा धरला, सोडला, दुसरा धरला.  तिनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. 

मग तिनं कात्री एका चांदणीच्या मधोमध टेकवली, पिवळ्या तुकड्यावर.

“तिथं नको,” अक्का म्हणाली. तिनं कात्री काढून घेतली. “ही मी शिवली आहे. हिला यातलं काही येत नाही.”

धाकटी ओक्साबोक्शी रडायला लागली. सासूबाई अक्काकडे बघत राहिल्या.

“मंग त्या दिन काबर सांगं नही?”

“मला कुणी विचारलं नाही.”

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. “आन् तू रे, भाऊ?”

“पाटी मी लिहिली होती,” मी म्हणालो.  

 सासूबाई धाकटीला म्हणाल्या, येत नाही म्हणायला काय झालं होतं? मलाही येत नाही. हे ऐकून मला जो राग आला तो आजही तसाच आहे. आम्ही ज्या बाईच्या भीतीनं हे सगळं केलं, तिला त्याचं काहीच नव्हतं. लग्न मोडणार नव्हतं. नानांची मान खाली जाणार नव्हती. एका वाक्यात मिटणारी गोष्ट होती, आणि ते वाक्य टाळण्यासाठी आम्ही अक्काची खोली घालवली. टोमणे मात्र धाकटीला पुढे कित्येक वर्षं ऐकावे लागले, शिवणासाठी नाही, खोटं बोलल्याबद्दल.

सासूबाईंनी गोधडीची घडी केली आणि अक्काच्या मांडीवर ठेवली. “लई जा, बाई. तुनी शे ती.”

परतीच्या एस.टी.त आम्हाला मागची सीट मिळाली. पारोळा येईपर्यंत अक्का बाहेर बघत होती. मग तिनं पिशवीतून छोटी कात्री काढली, पिंजाऱ्यानं घातलेली एक कड उसवली आणि हात आत घातला. कापूस बाजूला सारत ती कागद ओढायला लागली. कुठं लगदा वाळून दगडासारखा झाला होता, कुठं अजून कागद शाबूत होता, चौकटी दिसत होत्या, त्यावर कुठल्या तरी दिवसाच्या तापमानाची लाल रेघ. बस हादरत होती आणि ती बारीक टाक्यांवरून एकेक कपटा सोडवत होती. पुढच्या सीटवरची बाई वळून वळून बघत होती.

मी म्हणालो, “अक्का, माझं चुकलं.”

ती म्हणाली, “हात पुढं कर.”

मी तळहात पुढे केला. तिनं त्यावर भिजून वाळलेला कागदाचा गोळा ठेवला. मग दुसरा. ओंजळ भरली तशी मी तो कागद शर्टाच्या खिशात कोंबला, मग पँटच्या, आणि पुन्हा हात पुढे केला. एरंडोल गेलं. जळगाव आलं.  माझे सगळे खिसे भरले होते आणि आत अजून कागद होता.